क्रॉफर्डला खरंच तुरुंगवास झाला होता का? एका मामलेदाराच्या खापरपणतूला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे खापरपणजोबा सातारा जिल्ह्यात मामलेदार, म्हणजे तालुक्याचे महसूल अधिकारी, होते. ‘क्रॉफर्डसाहेबाला आमच्या खापरपणजोबांनी साक्ष देऊन येरवड्याला धाडलं,’ असं तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तुम्ही शोधायला गेलात, तेव्हा एका लेखात सात वर्षं सक्तमजुरी सापडली, दुसऱ्यात ‘सन्मानाने निर्दोष सुटला’ असं सापडलं. आता कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघते आहे, तिच्यात काय छापायचं, आणि तुरुंगात गेलेल्या माणसाचं नाव मुंबईच्या मंडईला कसं राहिलं, असं तुम्ही विचारलं आहे. सोबत घरातल्या एका मोडी पत्राचा फोटोही पाठवला आहे.

उत्तर आधी देतो. मुंबई सरकारचा बडा अधिकारी आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड याने १८८८ च्या लाचेच्या प्रकरणात कैदेची शिक्षा भोगलेली नाही. येरवड्यात नाही, आणखी कुठेही नाही. तो निर्दोषही सुटला नाही. त्याला नोकरीतून काढून टाकलं. म्हणजे तुम्हाला सापडलेले दोन्ही लेख चुकलेले आहेत, आणि घरातली आठवण अर्धी खरी आहे. ती अर्धी खरी कशी, हे सांगण्यातच माझा बराचसा वेळ जाणार आहे, कारण कुलवृत्तान्तात नेमकं तेवढंच छापायला हवं.

कोशांसाठी आणि वर्तमानपत्रांसाठी चरित्रनोंदी तपासण्याचं काम मी तीस वर्षांहून जास्त केलं. त्या काळात पदावरून गेलेल्या अधिकाऱ्यांच्या नोंदींत सर्वांत जास्त चुका कुठे सापडल्या असतील, तर ‘शिक्षा’ या एका शब्दाशी. मराठीत हा शब्द फार ऐसपैस आहे. मास्तर मुलाला शिक्षा करतात, खातं कारकुनाला शिक्षा करतं, न्यायालय आरोपीला शिक्षा ठोठावतं. क्रॉफर्डच्या बाबतीत जुन्या मराठी मजकुरात ‘क्रॉफर्डास शिक्षा झाली’ असं वाक्य आलं, तर ते चूक नाही. बडतर्फी ही शिक्षाच. पण पुढचा लेखक ते वाचतो आणि ‘तुरुंगवासाची शिक्षा झाली’ असं लिहितो. त्याच्या पुढचा विचारतो, किती वर्षं? मग कुठून तरी आकडा येऊन चिकटतो. एकदा आकडा चिकटला की वाक्य पक्कं वाटायला लागतं, आणि मग ते कोणी तपासत नाही. मी स्वतः एका नोंदीत याच माणसाबद्दल ‘चौकशी होऊन शिक्षा झाली’ असं लिहिलं होतं. त्या नोंदीचं इंग्रजी भाषांतर झालं तेव्हा तिथे ‘कारावास’ अशा अर्थाचा शब्द पडला. भाषांतर करणाऱ्याचा दोष नव्हता, वाक्य माझं ढिलं होतं. तेव्हापासून ‘शिक्षा झाली’ एवढंच लिहून मी थांबत नाही. कोणी केली, कोणत्या कायद्याखाली केली आणि नेमकी काय केली, या तिन्ही गोष्टी त्याच वाक्यात लिहितो.

क्रॉफर्डला हे तीन प्रश्न लावून बघू.

हा माणूस १८३५ चा. मुंबई सरकारच्या मुलकी नोकरीत होता, कोकणात रत्नागिरीला कलेक्टर होता. १८६५ च्या कायद्याने मुंबई शहराचा कारभार एका आयुक्ताच्या हाती आला आणि त्या जागेवर क्रॉफर्ड बसला. त्याला ‘मुंबईचा पहिला महापालिका आयुक्त’ म्हणतात ते या अर्थाने बरोबर आहे. १८५८ पासून तिथे तीन कमिशनरांचं मंडळ होतं. ती पद्धत मोडून एकाच्याच हाती सगळं दिलं गेलं, तो हा पहिला. शहराची घाण काढणं, गटारं, रस्ते, मंडई यांवर त्याने झपाट्याने काम केलं आणि तेवढ्याच झपाट्याने पैसा खर्च केला. करदाते खवळले. १८७१ मध्ये त्याच्या कारभाराविरुद्ध मोठी ओरड झाली आणि त्यातून १८७२ चा नवा महापालिका कायदा आला. त्या वादात त्याची बाजू घेऊन बोलणाऱ्यांमध्ये तरुण फिरोजशहा मेहता होते.

ही जागा नीट लक्षात ठेवा, कारण इथे पहिली गल्लत होते. क्रॉफर्डवर दोन वेळा वादळ आलं. १८७१ चं वादळ उधळपट्टीचं आणि एकतंत्री कारभाराचं होतं, लाचेचं नव्हतं. १८८८ चं लाचेचं. ‘क्रॉफर्डची चौकशी’ असा त्रोटक उल्लेख कुठे सापडला तर तो कुठल्या सालचा ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुंबईचा संदर्भ असेल तर बहुधा पहिली, पुण्याचा असेल तर दुसरी.

मंडईचं कोडंही इथेच सुटतं. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये बांधून झालं, विल्यम इमर्सनच्या आराखड्याप्रमाणे. तेव्हा क्रॉफर्ड आयुक्त होता आणि त्याचा दबदबा होता. नाव आधी पडलं, पुण्याचं प्रकरण त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी झालं. नाव काढून घ्यावं असं तेव्हाच्या सरकारला वाटलं नाही, आणि लोकांच्या तोंडी तर ते इतकं बसलं होतं की आजही महात्मा जोतिबा फुले मंडई म्हटलं तर टॅक्सीवाला क्षणभर थांबतो. एक गंमतीची नव्हे, पण मनात राहणारी गोष्ट सांगतो. पुण्याची मंडई १८८६ मध्ये झाली, तिला नाव दिलं रे मार्केट. हे लॉर्ड रे म्हणजे मुंबईचे गव्हर्नर, १८८५ ते १८९०. क्रॉफर्डविरुद्धची चौकशी ज्यांनी सुरू केली आणि शेवटापर्यंत नेली, तेच. आज पुण्याच्या मंडईलाही महात्मा फुल्यांचंच नाव आहे. आरोपी आणि त्याच्यावर कारवाई करणारा गव्हर्नर, दोघांच्या नावाच्या मंडया एकाच माणसाच्या नावाने ओळखल्या जाव्यात, आणि तो माणूस पुणे नगरपालिकेत असताना मंडईवरच्या खर्चाला विरोध करणारा असावा. तुमच्या कुलवृत्तान्तात याला जागा नाही, पण फुले मंडई असा उल्लेख आला की मुंबईची की पुण्याची हे मात्र बघायला हवं. मी दोन लेखांत ही अदलाबदल झालेली पाहिली आहे.

आता पुण्याचं प्रकरण. १८८८ मध्ये क्रॉफर्ड मध्य विभागाचा कमिशनर होता. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश हे जिल्हे त्याच्या हाताखाली. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या, बदल्या त्याच्या शब्दावर. बढतीसाठी, चांगला तालुका मिळावा म्हणून किंवा वाईट तालुक्यात फेकलं जाऊ नये म्हणून पैसे मोजावे लागतात, ही कुजबुज बरीच वर्षं होती. पैसे साहेबाच्या हातात कोणी ठेवत नसे. मध्ये माणसं होती, त्यांत मुख्य हणमंतराव जागीरदार. क्रॉफर्ड स्वतः कायम कर्जात बुडालेला असे, आणि हाताखालच्या लोकांकडून, संस्थानिकांच्या मंडळींकडून, सावकारांकडून उसने पैसे घेत असे.

पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी यांच्याकडे चौकशीचं काम गेलं. क्रॉफर्डला निलंबित केलं. त्यानंतर तो वेषांतर करून पुण्यातून निसटला आणि मुंबईत पकडला गेला. हा भाग इतका नाट्यमय आहे की प्रत्येक सांगणाऱ्याने त्यात आपलं थोडं घातलं आहे. कोणाच्या गोष्टीत दाढी असते, कोणाच्या बुरखा. निसटला आणि पकडला, एवढंच घ्या.

आणि ‘पकडला’ या शब्दापाशी पुन्हा थांबा. पकडला जाणं, जामिनावर किंवा बिनजामिनावर ताब्यात असणं, आणि गुन्हा शाबीत होऊन कैद भोगणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी बोलीत आपण तिन्हींना ‘आत गेला’ म्हणतो. येरवड्याची दंतकथा निम्मी इथे जन्मली असावी असं माझं मत आहे.

मग सरकारने काय केलं? फौजदारी खटला भरला नाही. १८५० च्या ३७ व्या कायद्याखाली, म्हणजे सरकारी नोकरांच्या वर्तणुकीची चौकशी करण्याच्या कायद्याखाली, तीन सदस्यांचा आयोग नेमला. अध्यक्ष कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन. पुण्यात या आयोगाचं काम चाललं. वकील होते, साक्षी होत्या, उलटतपासण्या होत्या, बाहेर गर्दी होती. बघणाऱ्याला ते न्यायालयच वाटलं असणार. पण या आयोगाला कोणालाही तुरुंगात धाडण्याचा अधिकारच नव्हता. आरोप शाबीत झाले की नाहीत एवढा अहवाल त्याने सरकारला द्यायचा, आणि नोकरीचं काय करायचं ते सरकारने ठरवायचं.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. हाच कायदा स्वातंत्र्यानंतरही वापरात होता. एस. ए. व्यंकटरमण नावाच्या सनदी अधिकाऱ्याची याच कायद्याखाली चौकशी होऊन १९५३ मध्ये बडतर्फी झाली, आणि नंतर त्याच आरोपांवर फौजदारी खटला उभा राहिला. एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा खटला आणि शिक्षा होऊ शकत नाही, असं म्हणत ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की १८५० च्या कायद्याखालची चौकशी हा खटला नव्हेच, ती सरकारने स्वतःच्या माहितीसाठी केलेली चौकशी आहे. त्यामुळे दुसऱ्यांदा खटला भरला असं होत नाही. क्रॉफर्डबद्दल कोणी ‘आयोगाने सात वर्षं दिली’ असं लिहिलं असेल, तर ते का अशक्य आहे हे या एका निकालावरून कळतं. कागद शोधायला जायच्या आधी हे एवढं बघून घ्यावं. ज्या मंडळाच्या नावावर शिक्षा लिहिली आहे, त्याला ती देण्याचा अधिकार होता का? अर्ध्या चुका खुर्चीतून न उठता इथेच पकडता येतात.

आयोगाने काय ठरवलं? लाचेचे आरोप शाबीत धरले नाहीत. आपल्याच विभागातल्या लोकांकडून कर्ज काढलं, हा नियमभंग शाबीत धरला. त्यावरून १८८९ मध्ये क्रॉफर्डला नोकरीतून काढलं. म्हणून ‘निर्दोष सुटला’ लिहिणारा पहिलं वाक्य वाचून थांबलेला असतो, आणि ‘शिक्षा झाली’ लिहिणारा दुसरंच वाक्य वाचून. क्रॉफर्डबद्दल एका ओळीत लिहायचं असेल तर दोन्ही एकाच वाक्यात यायला हवीत, मध्ये पूर्णविराम न देता.

आणि तुरुंगात गेलं कोण? हणमंतराव जागीरदार. त्याच्यावर साध्या न्यायालयात फौजदारी खटला झाला आणि त्याला कैद झाली. मध्यस्थ गुन्हेगार ठरला, कैदेत गेला. ज्याच्यासाठी मध्यस्थी केली असा आरोप होता, तो लाचेच्या आरोपातून सुटला आणि पुढे इंग्लंडला गेला. त्या वेळच्या लोकांना हे किती झोंबलं असेल ते तुम्हीच बघा. मला वाटतं, तुमच्या घरातल्या आठवणीत झालंय ते हेच. ‘क्रॉफर्ड प्रकरणात कैद झाली’ हे वाक्य अगदी खरं आहे. त्यात कर्ता नाही, एवढंच. मराठीत कर्ता गाळून बोलायची सोय आहे, आणि दोन पिढ्यांनंतर गाळलेल्या जागी सर्वांत मोठं नाव आपोआप जाऊन बसतं. चाकराची शिक्षा धन्याच्या खात्यावर चढली. कदाचित लोकांना जे व्हायला हवं होतं ते त्यांनी असं करून घेतलं.

शिक्षेचा आकडा बघताना आणखी एक काळजी घ्या. ठोठावलेली शिक्षा आणि भोगलेली शिक्षा या वेगळ्या असतात. याच दशकातलं उदाहरण घ्या, म्हणजे कागदावर मांडून दिसेल. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकरांना १७ जुलै १८८२ ला चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि २६ ऑक्टोबरला ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. एक पुस्तक म्हणतं चार महिने, दुसरं म्हणतं १०१ दिवस. कोण चुकलं? कोणीच नाही. बोटांवर मोजा. जुलैचे उरलेले १४, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे २६. बेरीज १०१. चार महिने ही शिक्षा, १०१ दिवस हा वास. तारखा असतील तर बेरीज स्वतः करा, कोणाचा आकडा उचलू नका.

तेव्हा तुलना आपोआप समोर येते. एका कारभाऱ्याबद्दल लिहिलं म्हणून दोन संपादक डोंगरीत बसले, आणि सहा वर्षांनी एक कमिशनर एक दिवसही कैद न भोगता घरी गेला. या प्रकरणात साक्षी देऊन अडचणीत आलेल्या मामलेदारांच्या बाजूने टिळकांच्या ‘केसरी’ने एवढी लेखणी का झिजवली, हे समजून घेताना मला ही गोष्ट नेहमी आठवते.

आता साधनांबद्दल. क्रॉफर्डने नंतर स्वतः पुस्तकं लिहिली. १८९७ मध्ये, रँडच्या खुनानंतर, पुण्यातल्या त्रासांबद्दल त्याने जे लिहिलं त्यात पुण्याच्या ब्राह्मणांबद्दलचा कडवटपणा ओसंडून वाहतो. ज्या शहराने आपल्याला बुडवलं असं ज्याला वाटतं त्याचं ते लिखाण आहे. त्यातून त्याचा स्वभाव समजतो, प्रकरणाचे तपशील त्यावरून ठरवू नयेत. उलट बाजूला टिळकांची जुनी चरित्रं मामलेदारांच्या बाजूने इतकी भरभरून लिहिलेली आहेत की त्यांत हणमंतरावाचा खटला दोन ओळींत उरकतो. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांपैकी काहींनी लॉर्ड रेंवरच तोफ डागली होती. या तिघांनाही वेगवेगळ्या गोष्टी लपवायच्या आहेत, म्हणून तिघंही ज्यावर एकमत आहेत तेवढं पक्कं धरायला हरकत नसते. वेषांतर करून पळणं, कर्ज, बडतर्फी यांवर एकमत आहे.

परदेशी वर्तमानपत्रांतल्या त्या काळच्या बातम्या आता घरबसल्या बघता येतात. त्यांचा मोह आवरा. त्या तारेने गेलेल्या बातम्या. तारेत शब्दाला पैसे पडत, त्यामुळे बातमी चार-पाच शब्दांची असे आणि तिकडचा उपसंपादक ती फुगवून वाक्य बनवत असे. प्रकरणातलं ‘दोषी’ हे विशेषण हणमंतरावाचं की साहेबाचं, हे अशा ठिकाणी सहज उलटतं.

‘केसरी’चा संदर्भ कोणी दिला तर एक साधी खूण सांगतो. ते साप्ताहिक मंगळवारी निघायचं. १ सप्टेंबर १८८९ ला पुण्यात मामलेदारांसाठी मोठी सभा झाली, तिच्यात टिळक बोलले. तो रविवार होता. म्हणजे तिची हकीकत ३ सप्टेंबरच्या अंकात शोधायची. ‘केसरी, २ सप्टेंबर’ असा संदर्भ कोणी दिला असेल तर त्याने अंक उघडलेला नाही, कोणाचं तरी बघून लिहिलं आहे. मी आलेल्या लेखांतल्या तारखांचे वार काढून बघत असे. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कोण वाचनालयात गेला होता ते लगेच कळतं.

खरा कागद बघायचा तर मुंबईच्या पुराभिलेखागारात जा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. खात्यांप्रमाणे आणि वर्षांप्रमाणे बांधलेले खंड आहेत. महसूल खात्यात मामलेदारांचं बघा, न्याय खात्यात खटल्याचं आणि कैद्याचं. कोणत्या नावाखाली फाइल लागेल सांगता येत नाही, त्यामुळे सूचीत ‘क्रॉफर्ड’बरोबर ‘हणमंतराव’, ‘जागीरदार’ आणि ‘मामलेदार’ हेही शोधा. इंग्रजीत हणमंतराव पाच तऱ्हांनी लिहिलेला सापडेल. १८८९ च्या ब्रिटिश संसदेत या प्रकरणावर जे बोललं गेलं ते छापील आहे आणि खुलं आहे. नेमणूक, निलंबन, बदली या गोष्टी सरकारी गॅझेटात. तुमच्या खापरपणजोबांचं नाव गॅझेटात १८८७ ते १८९० या चार वर्षांत दरवर्षी बघा. नाव कुठल्या वर्षी नाहीसं होतं का, एवढंच आधी टिपा.

हे असं का म्हणतो, ते आता सांगायला हवं, आणि ते सांगताना मला थोडं जड जातंय.

तुमचं मोडी पत्र मी दोनदा वाचलं. घरी ते हिजरी १२९८ चं समजले होते, म्हणजे १८८१, आणि म्हणून ‘हे क्रॉफर्ड प्रकरणाचं नसणार’ असं तुमच्या काकांनी फोटोखाली लिहिलं आहे. पण पत्र मुलकी अधिकाऱ्याचं आहे, आणि वर सालाआधी ‘फ’ स्पष्ट आहे. हे फसली साल, म्हणजे महसुली हिशेबाचं साल. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवले की मृगापासून डिसेंबरपर्यंतचं इसवी साल मिळतं, जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१. महिना कार्तिक, पक्ष वद्य. म्हणजे १८८८ च्या नोव्हेंबरचा उत्तरार्ध. त्या वर्षी दिवाळीची अमावास्या ४ नोव्हेंबरच्या सुमाराची होती, त्याने ते जुळतं. आणि तिसऱ्या ओळीत, घडीच्या रेषेवर शाई उडाली आहे तिथे, ‘पुण्यास कमिशनापुढे जाणे आहे’ असं आहे. काकांनी ‘कमिशनर’ वाचलं होतं. शेवटचा ‘र’ तिथे नाही, तो पुढच्या शब्दाचा फाटा आहे. म्हणजे तुमचे खापरपणजोबा आयोगापुढे बोलावले गेले होते. घरातली आठवण इथपर्यंत भक्कम आहे, आणि तिला आता कागद आहे.

पण आयोगापुढे गेलेला प्रत्येक मामलेदार काय म्हणून गेला, हे बघावं लागेल. कित्येकांनी ‘आम्ही पैसे दिले’ अशी कबुली दिली होती. ती त्यांनी कशाच्या भरवशावर दिली, तर सरकारने ओमॅनी यांच्यामार्फत अभय दिलं होतं म्हणून. खरं बोला, तुमच्यावर खटला होणार नाही, नोकरी जाणार नाही. या लोकांनी आपल्या अब्रूचं गाठोडं सोडून भर सभेत ठेवलं. आणि नंतर अडचण उभी राहिली, इंग्लंडच्या १८०९ च्या एका कायद्याची: पैसे देऊन मिळवलेलं पद धरता येत नाही. लॉर्ड रेंचं सरकार शब्द पाळायला बघत होतं. वरून, हिंदुस्थान सरकारकडून आणि विलायतेतून, सांगणं आलं की ज्यांनी दबावाखाली दिले त्यांचं वेगळं, पण ज्यांनी आपणहून दिले त्यांना ठेवता येणार नाही. १८८९ मध्येच त्यांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला, तरी काहींच्या नोकऱ्या गेल्याच. टिळकांचं म्हणणं एवढंच होतं की दिलेला शब्द सरकारने पाळावा. लाच देणं बरोबर होतं, असं ते म्हणत नव्हते.

तेव्हा तुम्हाला कदाचित असं सापडेल की खापरपणजोबांनी एखाद्या बढतीसाठी पैसे मोजले होते. ‘साहेबाला येरवड्याला धाडणारा’ या गोष्टीच्या जागी हे येणं सोपं नाही, मला माहीत आहे. माझ्याकडे अशी माहिती काढायला आलेल्या दोन कुटुंबांनी कागद बघून तो विषयच सोडून दिला. त्यांच्यावर माझा राग नाही. पण मला स्वतःला तो माणूस अधिक मोठा वाटतो, ज्याने मामलेदाराच्या पगडीत आयोगापुढे उभं राहून, गावचे लोक बघत असताना, ‘होय, मी दिले’ असं म्हटलं, आणि ज्याला त्याबद्दल दिलेला शब्द अर्धवटच पाळला गेला. आणि हेही शक्य आहे की त्यांनी पैसे द्यायला नकार दिला, आणि साक्ष त्याची होती. दोन्हीपैकी काय, ते छापील साक्षींत त्यांच्या नावापुढे असेल. अंदाजाने एक शब्दही लिहू नका.

मुद्रणाला घाई असेल, तर आत्ता छापण्याजोगं एवढं आहे: ‘मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या १८८८-८९ च्या चौकशीच्या वेळी, कार्तिक वद्य, फसली १२९८ (नोव्हेंबर १८८८) मध्ये हे पुण्यास आयोगापुढे गेल्याचा उल्लेख घरच्या मोडी पत्रात आहे. आयोगाने क्रॉफर्ड यांच्यावरील लाचेचे आरोप शाबीत धरले नाहीत, पण हाताखालच्या विभागात कर्ज काढल्याचा आरोप शाबीत धरला, आणि त्यांना १८८९ मध्ये नोकरीतून काढण्यात आले.’ येरवडा गाळा. सात वर्षं गाळा. घरातली आठवण मात्र गाळू नका, तिला ‘घरात असे सांगतात’ म्हणून खाली वेगळी ओळ द्या, कारण लोकांना काय घडायला हवं होतं ते तिच्यात राहिलं आहे.

आणि त्या पत्राची मागची बाजू मला हवी आहे. तुम्ही पुढच्याच बाजूचा फोटो पाठवला आहे. उजव्या कडेला शाई आरपार आलेली दिसते, म्हणजे मागे मजकूर आहे. दिवसा खिडकीजवळ ठेवून, कागद न दाबता फोटो काढा, आणि घडी पुन्हा घालू नका. ज्या रुमालात हे पत्र होतं त्यातली फसली १२९९ ची पत्रंही असतील तर तीही बघा. नोकरी राहिली की गेली, हे त्याच वर्षात कळलं असेल.